पंतोजींचा शेरा

दाभेरी महानगरपालिकेत 'तुमचं म्हणणं चूक आहे' असं कुणी कुणाच्या तोंडावर सांगायचं आता बंद झालं होतं. ते नाजूक काम यंत्राकडे गेलं होतं. सरकारी कागदांत त्याचं नाव 'अनुमान परीक्षक' असं भारदस्त होतं, पण सभागृहाच्या कोपऱ्यातला तो राखाडी खोका ज्या कोरडेपणाने शेरे मारायचा त्यावरून शिपायांनी त्याला 'पंतोजी' म्हणायला सुरुवात केली. मग महापौरांपासून सगळेच म्हणू लागले. एका नगरसेवकाने तर दसऱ्याला त्याला हारही घातला होता.

पंतोजी आधीच्या बोलक्या यंत्रांसारखे नव्हते. ती यंत्रं अंदाज बांधायची आणि अंदाज चुकला तरी छाती फुगवून ठोकून द्यायची. पंतोजी अंदाज बांधतच नसत. त्यांना विधानं द्यायची आणि शेवटी एक निष्कर्ष द्यायचा. ते एकाच गोष्टीचा शोध घ्यायचे: तुमची सगळी विधानं खरी आहेत, तरीही निष्कर्ष खोटा आहे, असं एखादं जग असू शकतं का? तसं एक जरी जग सापडलं, तरी पडद्यावर 'निघत नाही' असा शेरा उमटायचा आणि खाली त्या जगाचं वर्णन यायचं. असं जग असूच शकत नाही हे सिद्ध झालं, तर 'निघते'. बस्स. विधानं मुळात खरी आहेत की नाहीत, याच्याशी पंतोजींना काही देणंघेणं नव्हतं. चंद्र पिठाचा आहे आणि पीठ खाता येतं, असं तुम्ही लिहून दिलंत, तर चंद्र खाता येतो, याला ते बिनदिक्कत 'निघते' म्हणून मोकळे.

भानगड इथेच होती. ज्या निर्णयाला पंतोजींचा 'निघते' असा शेरा आहे त्याला वेगळी चाचणी लागणार नाही, असा कायदा तीन वर्षांपूर्वी झाला. प्रयोगशाळांपुढे आठ-आठ महिन्यांच्या रांगा होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं. पण त्या दिवसापासून माणसाच्या तोंडून निघालेल्या एकेका वाक्याला दगडाचं वजन आलं. ती वाक्यं टिपून घेण्यासाठी नवं पद निघालं, विधान लेखनिक. मयूरी लोंढे पालिकेच्या चार लेखनिकांपैकी एक.

एकोणतीस वर्षांची मयूरी कामाला वाघ होती. समोरचा माणूस अर्धा तास पाल्हाळ लावायचा, त्यातून ती चार ओळींची विधानं काढायची, त्याला वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायची. रुजू होताना तिने शपथ घेतली होती: स्वतःला खोटं म्हणून ठाऊक असलेलं विधान लेखनिक एकटं लिहिणार नाही, शेजारी स्वतःचं विधानही लिहील. हे कलम आजवर कुणी वापरलं नव्हतं. कशाला वापरतील? पगार वेळेवर होत होता.

फेब्रुवारीत वेताळनगरच्या घरांचं प्रकरण मयूरीपुढे सुनावणीला आलं. वेताळनगर ही तिचीच वस्ती. तिची आई छायाबाई अजून तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहत होती आणि वस्तीच्या टोकाला असलेल्या कचरा निवडण्याच्या शेडची मुकादम होती. शेडमधल्या बेचाळीस बायका तिच्या हाताखाली. शेडच्या पुढे शंभर पावलांवर पालिकेची कचरा जाळायची भट्टी. शहराचा सुका कचरा आधी शेडच्या सरकत्या पट्ट्यावर यायचा, बायका त्यातून पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या उचलायच्या आणि उरलेलं तसंच पुढे सरकत भट्टीच्या तोंडात जायचं.

वस्तीला पक्की घरं बारा वर्षांपासून कबूल होती. आता कुठे पैसे मंजूर झाले होते, तेही एका अटीवर. भिंती भट्टीतल्याच राखेच्या ठोकळ्यांच्या हव्यात आणि काम मार्चअखेर सुरू व्हायला हवं. राखेत शिसं, कॅडमियम असले जड धातू असतात, ते येतात सेल-बॅटऱ्यांतून. आग त्यांना संपवू शकत नाही, जे भट्टीत जातं ते राखेत उतरतंच. म्हणून किलोमागे शंभर मिलिग्रॅमची मर्यादा ठरलेली होती. शेड सुरू होण्याआधीच्या चाचणीत राखेत ऐंशी भरले होते. पण ती चाचणी जुनी, आणि शेडमुळे भट्टीत जाणारा माल बदललेला. नवा दाखला हवा होता.

उपायुक्त मुळगुंद हा माणूस वाईट नव्हता. या घरांसाठी त्याने मंत्रालयाच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या होत्या की त्याचा गुडघा कायमचा धरला होता. त्याने पहिल्या सुनावणीत मोठ्या उत्साहाने मांडणी केली.

"शेड निम्मा कचरा बाजूला काढते. म्हणजे निम्माच जळतो. म्हणजे राखेतलं विष निम्मं. ऐंशीचे चाळीस! आधीपेक्षाही चांगली राख आहे आपली. लिहा, लोंढे मॅडम."

मयूरीने लिहिलं. खरं तर सभागृहातल्या प्रत्येकाला ते पटलं होतं. पंतोजी मात्र तीन सेकंदांत म्हणाले, निघत नाही.

खाली वर्णन आलं. असं समजा की शेडमध्ये उचललेला निम्मा माल म्हणजे फक्त स्वच्छ माल आहे, पुठ्ठा आणि काच. धातूवाला सगळा माल भट्टीत गेला. विष तेवढंच राहिलं, राख मात्र निम्मी झाली. मग किलोमागे विष निम्मं होणार नाही, दुप्पट होईल. एकशे साठ.

सभागृहात कुजबुज झाली. मुळगुंद हसला. "हे आपलं 'समजा' झालं. पंतोजींना काय, समजायला पैसे पडत नाहीत. विधान कमी पडलं, एवढंच. शेडमध्ये सगळ्या प्रकारचा माल सारख्याच प्रमाणात उचलला जातो, असं मुकादमाने सांगितलं की विषही निम्मं, राखही निम्मी, म्हणजे राख निदान जुन्या ऐंशीवर तरी येईल. येत्या सोमवारी बोलवा त्यांना."

मयूरीला हसू आलं नाही. पंतोजींनी 'समजा' म्हणून जे जग रंगवलं होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शेड सुरू झाल्यावर सहा महिन्यांतच तिथे काम करणाऱ्या साळूबाईच्या हातात मोबाइलचा एक फुगलेला सेल फुटला होता. साळूबाईला रिक्षात घालून मयूरीनेच दवाखान्यात नेलं होतं. उजवा डोळा गेला तो गेलाच. बायकांनी पालिकेकडे हातमोजे आणि सेल टाकायला लोखंडी पेट्या मागितल्या. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, पेट्या काही आल्या नाहीत. मग बायकांनी आपसात ठरवून टाकलं: सेलला, बॅटरीला, तारा लोंबणाऱ्या कुठल्याही पट्टीला हात लावायचा नाही. दिसली की पट्ट्यावर पुढे जाऊ द्यायची. नवी बाई कामाला आली की छायाबाई तिला पहिली शपथ हीच घालायची. शेडमध्ये हा नियम देवासारखा पाळला जायचा आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

रविवारी संध्याकाळी ती आईकडे गेली. छायाबाई दारात बसून मेथी निवडत होती. लेकीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं.

"मुळगुंद सायेब येऊन गेला शेडवर," ती म्हणाली. "उद्या काय इचारणार हाय ते सांगून गेला. मी व्हय म्हणणार हाय."

"आई, पण ते खरं नाही."

"घर तरी खरं हाय का न्हाय? बारा वर्सं झाली. तुझा बाप ह्याच पत्र्याखाली तापानं भाजून गेला. साळूच्या सुनंला दिवस गेल्यात, पावसाळ्यात खाली चिखल आन वरून गळतंय. मी एकली न्हाय म्हणू आन बेचाळीस जणींची घरं घालवू?"

"त्या भिंतींत दुप्पट विष असेल आई. साळूमावशीचं नातवंड त्याच भिंतींना हात लावून चालायला शिकेल. आणि तेच हात तोंडात घालील."

छायाबाईने मेथीची काडी मोडली. "आन आता काय अमृत पितोय का आमी? भट्टीचा धूर काय हित्तं यायचा ऱ्हातो? माणसानं कशाला कशाला भ्यायचं, पोरी?"

मयूरी म्हणाली, "तू हो म्हणालीस तर मला माझं विधान लिहावं लागेल. शपथ आहे."

"लिही की मग. तुझी शपथ तुझ्याजवळ, माझी माझ्याजवळ."

जेवून जा, असं छायाबाई म्हणाली नाही. मयूरीला ते लागलं. आईच्या दारातून ती उपाशी परतली अशी ही पहिलीच वेळ.

सोमवारी सभागृह भरलं होतं. वेताळनगरच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून मागच्या रांगांत बसल्या होत्या. छायाबाई पुढे आली. मुळगुंदने समजावून विचारलं, "छायाबाई, तुम्ही जो निम्मा माल उचलता, त्यात सगळंच निम्मं असतं ना? पुठ्ठा निम्मा, काच निम्मी, तसे सेल-बॅटऱ्याही निम्म्या?"

"व्हय सायेब. समदंच निम्मं निम्मं."

ती हे लेकीकडे बघून म्हणाली. नजर खाली घातली असती तर मयूरीला कदाचित सोपं गेलं असतं.

मयूरीने विधान लिहिलं, वाचून दाखवलं, आईचा अंगठा घेतला. त्या अंगठ्यावर काच कापल्याचे पांढरे वण होते. मग ती उभी राहिली. "लेखनिकाच्या शपथेप्रमाणे मला माझं विधान जोडायचं आहे," ती म्हणाली आणि तिने लिहिलं: शेडमध्ये सेल व बॅटऱ्या अजिबात उचलत नाहीत. सर्व भट्टीत जातात.

मागच्या रांगेत कुणीतरी तिला नावाने शिवी दिली.

पंतोजींनी शेरा दिला: विधाने परस्परविरोधी. दोन्ही धरल्यास कोणताही निष्कर्ष निघतो. एक मागे घ्यावे.

तर्कशास्त्रातला हा जुनाच नियम. एकमेकांना खोडणारी दोन वाक्यं खरी मानली, की मग जगातलं काहीही सिद्ध करता येतं, चंद्र पिठाचा आहे हेसुद्धा. मुळगुंदने कपाळाचा घाम पुसला. "नियम असा आहे," तो हळूच म्हणाला, "दोघांपैकी कुणी मागे घेतलं नाही तर चौकशी लागेल. खोटं ठरेल त्याच्यावर कारवाई. लोंढे मॅडम, तुमची नोकरी... विचार करा."

हे वाक्य मयूरीसाठी होतं, पण ते ऐकलं छायाबाईने. तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं. साळूबाईकडे पाहिलं. मग पुन्हा लेकीकडे. कारकुनाच्या खुर्चीपर्यंत ही पोर पोचावी म्हणून तिने काय काय केलं होतं, ते त्या सभागृहात फक्त दोघींना ठाऊक होतं.

"माझं माघारी घ्या," छायाबाई म्हणाली. "पोरीचं खरं हाय."

मयूरीला वाटलं, संपलं. आपण आईचं घर मोडलं, पण निदान विषाच्या भिंती तरी टळल्या. पडद्यावर शेरा आला: राख मर्यादेबाहेर आहे. निघते.

पण मुळगुंदच्या डोळ्यांपुढे मार्चअखेर नाचत होता आणि त्या माणसाला खरोखरच घरं बांधायची होती. त्याने पंतोजींना उलटा प्रश्न घातला. असा प्रश्न विचारता येतो हे मयूरीला माहीत होतं. त्या क्षणी तो तिला सुचला नव्हता, इतकंच. प्रश्न असा होता: राख मर्यादेत यावी यासाठी काय बदलावं लागेल?

पंतोजींनी दोन वाटा दाखवल्या. एक, सगळे सेल आणि बॅटऱ्या भट्टीत जाण्याआधी वेगळ्या काढा. दोन, शेड बंद करा. शेड बंद झाली की पुठ्ठा, काच, पत्रा सगळंच पूर्वीसारखं भट्टीत जाईल, राख दुप्पट होईल, तेवढंच विष दुप्पट राखेत पसरेल. किलोमागे ऐंशी. जुन्या चाचणीइतकं. मर्यादेच्या आत. निघते.

मयूरी म्हणाली, "पण साहेब, विष कमी होत नाही यात. एक ग्रॅमही नाही. उलट जे जळत नव्हतं तेही जळणार. धूर वाढेल."

मुळगुंदने पंतोजींकडे पाहिलं. पडदा म्हणाला: धुराविषयी विधान दिलेले नाही.

"पहिली वाट धरू या," मयूरी म्हणाली. "पेट्या द्या, हातमोजे द्या. बायका काढतील सेल."

"निविदा, खरेदी, प्रशिक्षण. कमीत कमी सहा महिने." मुळगुंदचा आवाज खरोखर खाली आला होता. "शेड उद्या बंद करता येते. मॅडम, मला तुमची घरं बांधायची आहेत हो. मी काय करू?"

छायाबाई अजून तिथेच उभी होती. तिने आधी पडद्याकडे, मग मुळगुंदकडे पाहिलं. "म्हंजे आमी ह्या चार वर्सांत जे उचललं," तिने विचारलं, "ते उचललं हीच चूक झाली का?"

मुळगुंदने कागद गोळा केले. तो प्रश्न पंतोजींना कुणी रीतसर घातला नव्हता.

शेड त्याच आठवड्यात बंद झाली. पट्टा काढला नाही. बायका उभ्या राहायच्या ती जागा तेवढी जाळीने झाकली, आणि कचरा आता कुणाच्या हाताला न लागता थेट भट्टीत जाऊ लागला. काही बायका धुण्याभांड्याला लागल्या, काहींना तेही मिळालं नाही. साळूबाई रस्त्यात भेटली तेव्हा मयूरीने वाकून नमस्कार केला. साळूबाईने एका डोळ्याने तिला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "माझा डोळा शेडनं नेला. पण शेड होती म्हणून दुसऱ्या डोळ्यासमोर ताट तरी दिसत हुतं." मयूरीने ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं ते. नोकरीत तिचं कौतुक झालं, सचोटीबद्दल प्रमाणपत्रही मिळालं. तिने ते कपाटात कपड्यांखाली सारून दिलं.

दीड वर्षाने वेताळनगरात घरांच्या किल्ल्या वाटल्या. राखाडी ठोकळ्यांच्या चार मजली इमारती. मयूरी आईकडे गेली तेव्हा छायाबाईने दार उघडलं आणि "ये" म्हणाली. दीड वर्षात ती लेकीशी मोजून तीनदा बोलली असेल, त्यातलं हे एक.

खोली स्वच्छ होती. नळाला पाणी होतं. छायाबाईने दोन ताटं वाढली, भाकरी आणि पिठलं. किल्लीबरोबर मिळालेला राखेचा दाखला ओट्यावर पडला होता. तो छायाबाईने वाचला नव्हता. पाणी घ्यायला उठलेल्या मयूरीने तो सवयीने वाचला. मर्यादा कशी ठरवली, ते शेवटी बारीक अक्षरांत दिलं होतं: प्रौढ रहिवासी कामानिमित्त बाहेर असतो आणि दिवसाचे सरासरी दहा तास घरात असतो, असे गृहीत धरून.

ती येऊन आईसमोर बसली.

"एक इचारू?" छायाबाई म्हणाली. "मी व्हय म्हणाले हुते ते टिकलं असतं, तर काय झालं असतं?"

"भिंतींत आत्ताच्या दुप्पट विष असतं."

"पण काम असतं."

"हो. काम असतं."

"आन आता विष निम्मं, काम न्हाय." छायाबाईने भाकरीचा तुकडा मोडला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "म्हंजे तुझंच बरोबर म्हणायचं. मी लई डोकं लावलं, पण तुझं चुकलं असं कुठनं निघत न्हाय."

मयूरी ताठ बसून होती, भिंतीपासून वीतभर पुढे.

"टेक की," आई म्हणाली.

"असू दे."

"अगं टेक. थंडगार लागतीया. मी तर दिसभर हितंच टेकून असते. सकाळी उठले की टेकते, ती रात्री आडवी हुईस्तवर. दुसरं काम काय हाय मला आता?"

मयूरीने आईच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. ठोकळ्यांवर आईच्या पाठीएवढा भाग तेलकट, गुळगुळीत झाला होता. दिवसाचे दहा तास, असं दाखल्यात लिहिलं होतं. आई घरात असायची चोवीस. या दोन विधानांवरून काय निघतं, हे काढायला पंतोजी लागत नव्हते.

"आई, माझ्याकडे राहायला चल," ती म्हणाली.

"बारा वर्सं वाट बघितली ह्या घराची," छायाबाई म्हणाली आणि तिने लेकीच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. "जेव."